अर्धे राज्य

माळा आवरताना लहानपणीचे परीकथांचे पुस्तक सापडले आणि झाडू बाजूला ठेवून मी वाचत बसलो. राक्षसाला मारणाऱ्या राजपुत्राला राजा खूश होऊन अर्धे राज्य आणि राजकन्या देऊन टाकतो. लहानपणी इथे मी टाळ्या पिटायचो, कारण वाचताना मी नेहमी राजपुत्रच असायचो. आज किळस आली. अर्धे म्हणजे नेमके कोणते? नदीच्या अलीकडचे की पलीकडचे? तिथे माणसे किती, विहिरी किती, याचा पुस्तकात हिशेब नाही. तिथल्या कोणाला विचारल्याचाही उल्लेख नाही, राजकन्येलाही नाही. एका राजाचे म्हणून निजलेले लोक सकाळी दुसऱ्याचे होऊन उठतात आणि पुढच्याच ओळीत गुढ्या-तोरणे उभारतात.

"अहो, परीकथा आहे ती, अर्थसंकल्प नव्हे," बायको खालून म्हणाली. "जळमटं काढा आधी."

तेवढ्यात दारात ढोल वाजला. आम्ही दोघांनी मत देऊन निवडलेले नगरसेवक, ज्या पक्षाला पाडून आले होते, त्याच पक्षात आज सकाळी गेले होते. त्यांच्यासोबत आमचा अख्खा वॉर्डही गेला.

मी खाली उतरून दार उघडले, तर गुलालाने माखलेल्या कार्यकर्त्याने पेढ्यांचा बॉक्स पुढे केला. "काका, तोंड गोड करा. आपण सत्तेत आलो!"

"आपण? मला कोणी विचारलं?" मी हात पुढे केला नाही.

"राहू द्या," तो हसला. "तुमच्या वाटचा मी खातो."

आणि माझ्यादेखत त्याने तो पेढा खाल्ला.