कानातलं त्वरण

ठाकुर्लीच्या एका मराठी शाळेत मी नववीला विज्ञान शिकवते. पुस्तकात पहिलाच धडा गतीचा असतो, त्यामुळे माझं वर्ष चाल, वेग आणि त्वरण या तीन शब्दांनी सुरू होतं. मुलांना चाल आणि वेग यांतला फरक पटकन कळत नाही. मी सांगते, मी घरून स्कूटरने शाळेत आले आणि संध्याकाळी परत घरी गेले, तर काट्यावर किलोमीटर वाढले पण विस्थापन शून्य. दिशेसकट मोजलं की वेग, दिशा सोडून मोजलं की चाल. त्वरण त्याहून अवघड जातं. बहुतेकांना वाटतं त्वरण म्हणजे जोरात जाणं. ब्रेक मारतानाही त्वरण असतं, चाल न बदलता नुसतं वळण घेतलं तरी असतं, हे त्यांच्या गळी उतरवायला वेळ लागतो. इतक्या वर्षांत मला हा धडा पाठ झाला होता, आणि त्याबद्दल वेगळं काही वाटेनासंही झालं होतं.

त्या वर्षी धडा अर्ध्यावर आला असताना एका सकाळी मी गजर बंद करायला उजव्या कुशीवर वळले आणि खोली फिरायला लागली.

चक्कर म्हणजे डोळ्यांपुढे अंधारी येणं, अशी माझी समजूत होती. हे तसं नव्हतं. सगळं स्वच्छ दिसत होतं, फक्त जागेवर राहत नव्हतं. कपाट एका बाजूला सरकायचं, झटक्यात मूळ जागी यायचं आणि पुन्हा सरकायला लागायचं. मी पलंगाची कड धरली. पलंग स्थिर आहे हे हाताला कळत होतं आणि त्याचा काही उपयोग होत नव्हता. थोड्या वेळाने फिरणं मंदावलं आणि थांबलं. मग पोट ढवळून आलं. सासूबाई म्हणाल्या, पित्त झालंय, रात्री वांगं खाल्लंस ना. मला ते पटलं. आवळा-सुपारी चघळत मी शाळेत गेले.

रविवारी आम्ही वस्तीतल्या विहारात वंदनेला जातो. त्या रविवारी पंचांग प्रणामासाठी मी कपाळ जमिनीला टेकवलं आणि जमीन माझ्याखालून निघाली. बाकीचे उठून बसले तरी मी तशीच वाकलेली राहिले. मागच्या बाईंना वाटलं मी रडतेय. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि तो हात सोडून त्या वेळी दुसरं काहीच एका जागी नव्हतं.

तिसऱ्यांदा झालं ते वर्गात. फळ्यावर वेग आणि काळाचा आलेख काढायचा होता. उभा अक्ष वरपर्यंत न्यायला मी मान वर केली, आणि पुढचं मला मुलांनी सांगितलं. मी टेबल धरायला गेले, टेबलाची कड हुकली आणि मी बाकाच्या कोपऱ्यावर आपटून खाली बसले. कोपराला खरचटलं, बाकी काही झालं नाही. मुख्याध्यापिकांनी मला रिक्षात बसवून घरी पाठवलं आणि बरं वाटेपर्यंत येऊ नका म्हणून सांगितलं.

मग तपासण्या सुरू झाल्या. साखर ठीक, रक्तदाब ठीक, रक्तही ठीक. घराजवळच्या डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे काढून मणक्यांची झीज आहे असं सांगितलं आणि गळ्याला पट्टा लावला. पट्ट्याने एवढंच झालं, की मान वळेनाशी झाली आणि त्यामुळे चक्कर कमी आली. मला वाटलं गुण येतोय. पण झोपेत कूस वळली की खोली पुन्हा फिरायची. शेवटी मी भिंतीला उशा लावून बसल्या बसल्या झोपायला लागले.

मेंदूत गाठ असेल, असं मला वाटत होतं. मी ते कुणाला बोलून दाखवलं नाही. मुलगी पुण्याला शिकत होती, तिला फोनवर नुसतं अशक्तपणा आहे म्हणून सांगितलं. स्वतःकडे मात्र मी बरीच बारकाईने बघत होते. मला हळूहळू कळलं, की एकसारखं चाललं तर काही होत नाही. त्रास सुरुवातीचा, थांबण्याचा आणि वळण्याचा होता. मग मी प्रत्येक हालचाल इतक्या हळू सुरू करायला लागले की ती सुरू झाल्याचं कळूच नये. खुर्चीतून उठायला वेळ घ्यायचे. कुणी हाक मारली तर मान न वळवता अख्खी वळायचे. सासूबाई एकदा म्हणाल्या, “डोक्यावर भरलेली कळशी असल्यासारखी चालतेस.” त्यांचं माहेर कोकणातलं. त्या लहानपणी डोक्यावरून पाणी आणायच्या, तेव्हा त्यांना ती चाल ओळखीची होती.

नवऱ्याने या काळात स्कूटर सोसायटीतल्या एकाला वापरायला देऊन टाकली. मला विचारलं नाही. मी विचारल्यावर म्हणाला, पडून राहिली तर बॅटरी उतरते. तो वाईट वागत होता असं नाही. औषधं आणायचा, सकाळचा चहा करायचा. पण मी भिंत धरून चालायला लागले की तो दुसरीकडे बघायचा. एकदा त्याने विषय काढला, की नाहीतरी बरीच नोकरी झालीय, आता स्वेच्छानिवृत्ती घ्यायला काय हरकत आहे. मी विचार करते म्हटलं. खरं तर मी विचारही केला नाही. तेवढं बोलण्यापुरतं डोकं स्थिर ठेवलं, इतकंच.

शाळेतल्या संस्कृतच्या बाईंनी ठाण्यातल्या एका कान-नाक-घशाच्या डॉक्टर बाईंचं नाव सुचवलं. चक्कर येते तर कानाच्या डॉक्टरकडे कशाला, असं मलाही वाटलं. पण बाकीचे रस्ते संपले होते. नवऱ्याने शेजाऱ्यांची गाडी मागून घेतली आणि आम्ही सकाळीच शिळफाट्याच्या रस्त्याने निघालो.

मी डोळे मिटून बसले होते. रस्त्यावर खोदकाम चालू होतं, त्यामुळे गाडी सारखी थांबत आणि सुटत होती. प्रत्येक धक्का मला पोटात मोजता येत होता. मुंब्र्याच्या बायपासला रस्ता मोकळा मिळाला, गाडीने एक वेग धरला आणि सगळं शांत झालं. खिडकीच्या फटीतून वारा येत नसता, तर आपण घरीच बसलोय असं वाटलं असतं. मुलांना मी दर वर्षी सांगायचे, की एकसमान वेग आतून जाणवत नाही, जाणवतो तो फक्त बदल. सांगताना मला ते गणिताचं वाक्य वाटायचं. कळव्याची खाडी ओलांडली, कोर्ट नाका आला, पुन्हा ब्रेक सुरू झाले आणि मी रुमाल तोंडाला लावला.

दवाखाना टेंभी नाक्याच्या आतल्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर होता. डॉक्टर माझ्यापेक्षा लहान होत्या. त्यांनी एक्स-रे बाजूला ठेवला आणि विचारलं, “फिरतं कधी? बसून असताना की हलताना?”

मी म्हटलं, “हलताना. पण हलल्याबरोबर नाही. क्षणभर थांबून सुरू होतं.”

त्यांनी लिहिणं थांबवलं. मी काय करते ते विचारलं. विज्ञान शिकवते म्हटल्यावर त्यांनी कागदावर एक आकृती काढली. कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, एकमेकींना काटकोनात. नळ्यांत द्रव असतो. डोकं वळलं की नळी वळते, द्रव मागे राहतो, आणि त्या मागे राहण्यावरून मेंदूला कळतं की डोकं वळलं. माझ्या तोंडून निघून गेलं, “म्हणजे जडत्व.” त्या म्हणाल्या, “तेच. शेजारच्या पिशवीत बारीक कण असतात. तुमचे काही कण सुटून एका नळीत गेलेत. डोकं थांबलं तरी ते घरंगळत राहतात, द्रव ओढतात, आणि मेंदूला वाटतं अजून वळतोय. कॅल्शियम कार्बोनेट असतं ते. खडूच म्हणा.” शाळेतला खडू बहुधा जिप्समचा असतो, पण मी त्यांना दुरुस्त केलं नाही. मी फक्त विचारलं, मेंदूत काही नाही ना. त्या म्हणाल्या, आता बघूच, पण तसं वाटत नाही.

त्यांनी मला तपासणीच्या पलंगावर बसवलं, गळ्याचा पट्टा काढून ठेवला, मान उजवीकडे वळवली, डोळे उघडे ठेवायला सांगितलं आणि झटक्यात मागे निजवलं. डोकं पलंगाच्या कडेबाहेर लोंबत होतं. क्षणभर काहीच झालं नाही. मग छत सुटलं. आजवर आलं नव्हतं इतक्या जोरात आलं. मी डॉक्टरांचं मनगट धरलं, त्यांनी ते धरू दिलं. मिटू नका, डोळे मिटू नका, असं त्या सांगत होत्या. त्यांनी नवऱ्याला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, “बघा, तुम्हीही बघा.”

फिरणं ओसरल्यावर त्यांनी माझं डोकं डावीकडे वळवलं, थांबल्या, मग मला अख्खी कुशीवर वळवून तोंड जमिनीकडे करायला लावलं, पुन्हा थांबल्या आणि शेवटी उठवून बसवलं. कण नळीतून फिरवून पिशवीत परत सोडायचे, एवढाच उपचार. औषध नाही, इंजेक्शन नाही. पट्टा तिथेच राहिला तरी चालेल म्हणाल्या.

खाली उतरल्यावर नवरा गाडीत बसला, पण त्याने किल्ली फिरवली नाही. तो म्हणाला, “तुझे डोळे पळत होते. आपोआप. एका बाजूला जाऊन परत यायचे.” मी म्हटलं, कपाट तसंच सरकायचं, मी सांगितलं होतं की. मग तो म्हणाला, “मला वाटलेलं तू शाळेला कंटाळलीयस.”

मला राग आला नाही. माझ्याशिवाय कुणालाच न दिसणारी गोष्ट होती ती, आणि तो रोज स्थिर असलेल्या घरात मला भिंत धरताना बघत होता. येताना त्याने गाडी फार जपून चालवली. मागचे लोक हॉर्न वाजवत होते.

त्या रात्री थोडं तरंगल्यासारखं वाटलं. पुढच्या आठवड्यात तोच उपचार आणखी एकदा झाला, आणि त्यानंतर मी उजव्या कुशीवर झोपले. बरं झाल्याचा मोठा आनंद झाला, असं सांगता येणार नाही. खोली जागेवर होती आणि मी ती जागेवर असल्याची खात्री करत बराच वेळ जागी पडले होते. स्कूटर मी स्वतः जाऊन परत आणली. मुलीलाही सगळं खरं सांगितलं. ती चिडली, आणि ते साहजिक होतं. शाळेत गेले तेव्हा गतीचा धडा दुसऱ्या सरांनी संपवून टाकला होता.

पुढच्या वर्षी तो धडा आला तेव्हा मी मुख्याध्यापिकांची फिरती खुर्ची वर्गात मागून आणली. एका मुलीला तीवर बसवलं, डोळ्यांना ओढणी बांधली आणि सांगितलं, ज्या बाजूला फिरतेस त्या बाजूला बोट दाखव. मी खुर्ची एकाच वेगाने फिरवत राहिले. सुरुवातीला तिचं बोट बरोबर होतं. काही फेऱ्यांनंतर ती म्हणाली, “थांबवली ना बाई?” आणि हात खाली घेतला. खुर्ची फिरतच होती. वर्ग हसायला लागला. मग मी खुर्ची खरोखर थांबवली, तेव्हा तिने ठामपणे उलट्या बाजूला बोट दाखवलं. ओढणी सोडल्यावरही तिला पटेना. तिने मैत्रिणींना विचारलं, आणि सगळ्यांनी एकच सांगितलं तरी ती म्हणाली, “पण मी फिरत होते.”

मी म्हटलं, तू खोटं बोलत नाहीयेस. मग फळ्याकडे वळून त्वरणाची व्याख्या लिहिली, पुस्तकात आहे तीच.

तेवढ्यात मुख्याध्यापिका खुर्ची न्यायला दारात आल्या होत्या. त्यांनी काय चाललंय ते विचारलं, मुलांनी सगळ्यांनी एकदम सांगितलं. त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला, पदर खोचला आणि खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, “हळू हं, बाई.”