दुसरीनं दिलेला नेम

चातुर्मास चार महिन्यांचा, पण त्याच्या गोष्टी वर्षभर पुरतात. आमच्या शिवाजी पेठेतल्या गल्लीत दत्ताचं छोटं देऊळ आहे. तिथं दुपारी आम्ही चौघी पोथीला बसायचो. पोथी अर्धा तास आणि गोष्टी दीड तास. पोथी वाचणारी मी, त्यामुळे हसायचं नाही असा माझा मलाच दंडक. पण ज्या वर्षीचं सांगतेय, त्या वर्षी हसू दाबायची वेळ फारशी आलीच नाही. बहुतेक वेळा मी तोंडावर हात ठेवून 'अगं बाई' एवढंच म्हणत होते.

नव्वद साल उलटून गेलं होतं. गल्लीत फोन दोनच घरांत होते, त्यामुळे बातमी माणसंच पोचवायची. आणि फोनपेक्षा लवकर पोचवायची.

* * *

आषाढी एकादशीला तुळशीचं पान हातात घेऊन दत्तापुढं नेम बोलायचा, कार्तिकीला सोडायचा, ही आमची रीत. मधे मोडला तर मोडणारीला दोष, आणि मोडायला लावणाऱ्याला दुप्पट. हे कुठल्या पोथीत आहे ते मला अजून सापडलेलं नाही, पण सगळी गल्ली त्याला भिऊन असायची.

मी पान उचललं आणि म्हणाले, "चार महिने कारलं वर्ज्य."

आमच्यात वडीलधारी म्हणजे ताराअक्का. आवाज असा, की ती नळावर बोलली की कोपऱ्यावरच्या तालमीत ऐकू जायचं. ती म्हणाली, "वैनी, गेली सहा वर्सं कारलंच सोडतीस. आधी कधी खाल्लतंस?"

कारलं मी जन्मात खाल्लेलं नव्हतं. देवापुढं बसून सहा वर्षं मी देवालाच फसवत होते, आणि ते माझ्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं.

"आपला नेम आपुन निवडला की सोपाच निवडतोय," अक्का म्हणाली. "औंदा दुसरीनं निवडायचा. आणि खायचं-प्यायचं न्हाय. सवय धरायची न्हायतर सोडायची."

* * *

तेव्हा खांबाला टेकून मालन बसली होती. तिची थोरली जाऊ मंगल तिला हाताला धरून घेऊन यायची, म्हणून ती यायची. आदल्या पावसाळ्यात मालनची आई तिकडं माहेरी, शिरोळला वारली. कृष्णेला पूर आला होता, रस्ता पाण्याखाली. मालनला आईचं तोंडही बघायला मिळालं नाही. त्यानंतर ती विझत गेली. जेवण नाही, झोप नाही, सहा वर्षांच्या पिंकीची वेणीसुद्धा घालायची नाही.

नवरा सदाभाऊ माणूस वाईट नव्हता, पण घाबरला होता. त्यानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "दिवाळीपतोर बघतो. सुधारली न्हाय तर भाऊबीजेला शिरोळला तिच्या भावाकडं सोडतो. पोरगी हितं ऱ्हाईल."

अक्कानं मालनच्या हातात तुळशीचं पान ठेवलं. "तुझा नेम मी सांगती. रोज सांजच्याला रंकाळ्याच्या तळ्यापतोर चालत जायचं आणि यायचं. संगट कुणीतरी असंल."

मालननं मान वर केली नाही. पण पान खाली टाकलं नाही.

* * *

अक्काचा नेम निवडला मंगलनं. रोज सकाळी तासभर मौन. तेही नळाला पाणी येण्याच्या वेळेला.

पहिल्या दिवशी अक्का नळावर आली, कळशी भरली, परत गेली. गल्ली थिजली. दोघी-तिघी तिच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. तिच्या मालकांनी तिला दोनदा हाक मारली, मग चप्पल न घालताच जाऊन आमच्या डॉक्टरकाकांना घेऊन आले.

"डॉक्टर, ही बोलंना झालीया."

डॉक्टरकाकांनी नाडी बघितली, जीभ बघितली. अक्कानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बोट दाखवलं. एकादशी बघून काकांना नेमाचा उलगडा झाला. ते बॅग बंद करत मालकांना म्हणाले, "पेशंट ठणठणीत आहे. तुमचीच नाडी बघतो, या."

खरा धक्का मात्र चौथ्या दिवशी. मौनाच्या तासात मालक पाटावर बसले आणि ताट बघून सावकाश म्हणाले, "तारा, मला अंबाडीची भाजी आवडत न्हाय."

तीस वर्षं दर आठवड्याला अंबाडी करणारी अक्का दुपारी पोथी उघडायच्या आतच देवळात आली. मग म्हणाली, "वैनी, त्यो मानूस बोलतोय की."

* * *

मंगलचा नेम मी निवडला. रोज घरातल्या एका माणसाला त्याच्या तोंडावर एक चांगलं वाक्य बोलायचं. खरं असलेलंच. मंगल चांगली, पण दिवसभर रडगाणं चालायचं तिचं.

तिनं अवघडातून सुरुवात केली. सासूला, म्हणजे गंगूकाकूंना म्हणाली, "आत्याबाई, तुमच्यासारखी भाकरी गल्लीत कुणाला जमत न्हाय."

काकूंनी परात बाजूला सारली. "काय पायजे तुला?"

दुसऱ्या दिवशी, "आत्याबाई, ह्यो रंग तुमास्नी खुलून दिसतोय." तिसऱ्या दिवशी आणखी काहीतरी. त्या संध्याकाळी काकूंनी दोन्ही लेकांना समोर बसवलं. "थोरली गोड बोलालीया. वाटणी मागायचा बेत हाय. मी जित्ती हाय तवर चूल एकच ऱ्हाईल, सांगून ठेवतो."

मंगल रडतच माझ्याकडं आली. मी म्हटलं, "नेम आहे, मोडू नकोस."

तिनं मोडला नाही. बाराव्या की तेराव्या दिवशी कामाच्या गडबडीत तिला विसर पडला. दिवस कलायला लागला तशा काकू स्वयंपाकघरात दोनदा येऊन गेल्या. तिसऱ्यांदा आल्या आणि डबे उगाच इकडंतिकडं करत म्हणाल्या, "आज काय बोलायचं न्हाय व्हय?"

* * *

आता माझा नेम. अक्कानं दिलेला. रोज पाच वाजता अर्धा तास उंबऱ्यात काहीही न करता बसायचं. माळ नाही, वाती नाहीत, निवडायला तांदूळ नाहीत.

मला वाटलं, चेष्टा करते आहे. सोळा सोमवार मी केले, निर्जळी एकादश्या केल्या. नुसतं बसायला काय लागतं?

पहिल्याच दिवशी दहा मिनिटांत जीव कासावीस झाला. बोटं आपोआप वाती वळत होती, कापूस नसताना. दुसऱ्या दिवशी मनातल्या मनात जप सुरू केला, तर समोरून अक्का ओरडली, "वैनी, व्हट हलालेत!"

तिसऱ्या दिवसापासून खरंच नुसती बसले. आणि समोर बघायला लागले. समोर मालनच्या घराचं अंगण. मालन दोरीवरून वाळलेली साडी काढायची, घडी घालायची, उलगडायची, परत वाळत घालायची. मग परत काढायची. अर्ध्या तासात सात वेळा. पिंकी पायरीवर गुडघ्यावर हनुवटी टेकून बघत बसलेली.

एक वर्ष हे माझ्या दारासमोर चाललं होतं. एक वर्ष रोज पाच वाजता मी त्याच उंबऱ्याच्या आत माळ ओढत होते. मला हे दिसलं नव्हतं.

त्या दिवशी उठले ती थेट अक्काकडं गेले, आणि आम्ही दोघी डॉक्टरकाकांकडं. ते म्हणाले, "हा आजार आहे. वेड नाही, बाहेरचं नाही. ताप येतो तसा मनालाही येतो." त्यांनी मनाच्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी दिली. अक्का मालनला घेऊन गेली. रोज एक गोळी सुरू झाली, आणि चालणं चालू ठेवा असं त्यांनीही सांगितलं.

* * *

गोळ्यांचं पाकीट घरात गेलं आणि दुसऱ्या दिवशी केरात सापडलं.

"येड्याच्या गोळ्या माझ्या घरात न्हाईत," गंगूकाकू म्हणाल्या. "लोक काय म्हंतील?"

मंगल म्हणाली, मी म्हणाले, सदाभाऊसुद्धा चाचरत म्हणाला. काकू हलल्या नाहीत. अक्का मात्र केराच्या टोपलीकडं वळली. पाकीट उचललं, मालनला आणि काकूंना देवळात घेऊन आली. मालनच्या हातात तुळशीचं पान दिलं आणि तिच्याकडून बोलून घेतलं, "कार्तिकीपतोर रोज सकाळी एक गोळी. ह्योबी माझा नेम." मग काकूंकडं वळून, "आता मोडायला लावणाऱ्याला दुप्पट दोष. बघा बाई."

मी हादरले. दत्तापुढं गोळीचा नेम! हे बसतं का कशात? मी दोन दिवस पोथी उलटीपालटी केली. तिसऱ्या दिवशी सकाळी मंगल धावत आली. "वैनी, चला, बघायला चला."

बघितलं तर मालन चुलीपुढं बसलेली. काकू एका हातात पाण्याचा तांब्या आणि दुसऱ्या हातात गोळी घेऊन तिच्यासमोर उभ्या. "आं कर. आधी गोळी, मग च्या. नेम हाय."

* * *

चालण्याचं सांगायचं तर पहिला महिना मालन मुकीच चालली. एके दिवशी अक्का तळ्याच्या घाटावर भेळेच्या गाडीशी थांबली. भेळवाल्यानं विचारलं, "मावशी, तिखट किती?"

अक्का सांगणार, इतक्यात मागून मालन म्हणाली, "माझ्यात जास्त घाला."

ताराअक्का, जिनं आयुष्यात कुणापुढं डोळे ओले केले नव्हते, ती भेळेचा कागद हातात धरून तिथंच कठड्यावर बसली. भेळवाला घाबरून म्हणाला, "मावशी, तुमच्यात कमी घालतो की."

* * *

आणि मग दिवाळी आली. मालन बरी होती, पण पुरती बरी नव्हती. कधी सकाळी उठायची, कधी उठायची नाही. सदाभाऊ शब्दाचा पक्का. भाऊबीजेच्या दुपारी त्यानं भाड्याची जीप दारात आणली. ड्रायव्हरला सांगितलं, "एकीला शिरोळला सोडून यायचंय." मालनच्या साड्या भरून बॅग पायरीवर ठेवली. पिंकी मंगलच्या पदराआड. आम्ही सगळ्या दारात.

मालन बाहेर आली. बॅगेकडं बघितलं. खाली बसली, चेन उघडली. दोन साड्या ठेवल्या, बाकीच्या काढून मंगलच्या हातात दिल्या. आत गेली आणि पिंकीचे फ्रॉक घेऊन आली. परत गेली, सदाभाऊचे दोन शर्ट घेऊन आली. घडी विस्कटली होती, ती नीट केली आणि बॅगेत घातले.

"आईच्या दारात एकदा जाऊन बसायचं हाय मला," ती म्हणाली. "एकटीनं न्हाय हुणार. परवा माघारी येऊया. माझा नेम कार्तिकीपतोर हाय."

सदाभाऊनं खाली वाकून बॅगेची चेन लावली. मालननं पिंकीला उचलून जीपमध्ये बसवलं आणि शेजारी बसली.

तेवढ्यात आतून गंगूकाकू आल्या. अंगावर नवी साडी, एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात गोळ्यांचं पाकीट. "दोन दिस हिला गोळी कोन देनार? सरका, मी बी येतो." आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

सदाभाऊ मागून चढला. ड्रायव्हरनं आरशात बघितलं, मान वळवून एकेकीकडं बघितलं, आणि शेवटी सदाभाऊला विचारलं,

"पावणं, सोडायचं कुणाला म्हणालासा?"