खंडेनवमीला लावलेलं बोट

संदीपनं ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, इंजिन एकदा खोकलं आणि मेलं. गाडी मात्र पळतच होती. लासुर्ण्याच्या अलीकडं एक ट्रॅक्टर रिकामी ट्रॉली घेऊन शेताकडं वळत होता, अर्धा रस्ता अडला होता. ब्रेक दोनदा लागला, तिसऱ्यांदा दगड झाला. स्टेअरिंग वळेना. पुढं डाव्या बाजूला दत्तू होता. तो ओरडला नाही, एवढंच म्हणाला, "मालक, उजवीकडं वढा." मी मागं बसले होते. इंजिन का मेलं, ते त्या गाडीत फक्त मला ठाऊक होतं.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. देवापुढंसुद्धा नाही. चौथीपर्यंत शिकले, अक्षर लावता येतं, म्हणून लिहिते.

संदीप माझा मुलगा, जळोचीत त्याचं गॅरेज. दत्तू त्याच्याकडं नऊ वर्षं कामाला, हाताचा हुशार, तोंडाचा फटकळ. संदीपनं स्वतःला एक जुनी टर्बोची गाडी घेतली होती आणि दत्तू तिला नवा वाल्व्ह बसवत होता. कशाला, म्हणून मी विचारलं तर त्यानं चहा पिता पिता समजावलं. टर्बो इंजिनात हवा कोंबतो. पाय उचलला की ती हवा अडते, तिला वाट द्यायला वाल्व्ह. काहीजण आवाजासाठी ती बाहेर सोडतात. पण हवा आत शिरते तिथं एक सेन्सर असतो. तो हवा मोजतो आणि तेवढंच पेट्रोल सुटतं. मोजलेली हवा बाहेर गेली, की पेट्रोल जास्त होतं आणि गाडी बंद पडते. म्हणून दत्तूनं वाल्व्हची हवा नळीनं परत आत घेतली होती. त्याचं काम चोख होतं. हे मी आज लिहिते. तेव्हा बोलले असते तर?

खंडेनवमीला गॅरेजातली पूजा मीच करते. पाने, पकडी, जॅक, सगळं धुऊन कापडावर मांडलं होतं. त्यात तो सेन्सरही होता, गाडीतून काढलेला. दत्तू म्हणाला, "आक्का, समद्याला हळद लावा, पर ह्याला बोट लावू नगा. आतली तार केसापरास बारीक हाय. देव पावायचा आन् गाडी रुसायची."

कामगार हसले. मीही हसले, पण मला ते झोंबलं. इतकी वर्षं पूजा केली, एक हत्यार कधी कोरडं ठेवलं नाही, आणि हा मला शिकवणार? तो हात धुवायला गेला. मी ओल्या हळदीत बोट बुडवलं आणि त्या सेन्सरच्या तोंडात घातलं. आत काहीतरी बारीक बोटाला लागलं. मग घाबरले. पदराच्या टोकानं पुसलं, फुंकलं आणि होता तसा ठेवला. वरून स्वच्छ दिसत होता. दत्तूनं तसाच बसवला.

खरं सांगू? त्या वेळी मला बरं वाटलं.

दसऱ्याला सकाळी लेकीकडं लासुर्ण्याला सोनं द्यायला निघायचं होतं. गाडी सुरू झाली ती खोकतच. संदीपनं सगळ्यांना विचारलं, सेन्सरला कुणी हात लावला का? मला वेगळं विचारलं. मी नाही म्हणाले. दत्तूला तो परत काढून बघायचा होता, पण संदीप म्हणाला, रस्त्यावर बघू, तूही चल. तेव्हा मी गाडीत बसायला नको म्हणायला हवं होतं. पण का नको, ते सांगावं लागलं असतं — म्हणून बसले.

बारामती सोडल्यावर तीनदा तसंच झालं. संदीपनं पाय उचलला, की इंजिन आचके द्यायचं. मी पुढच्या सीटची पाठ धरायचे. दत्तू म्हणाला, "मालक, त्यो हवा चुकीची मोजतोय. मागं फिरा." संदीप म्हणाला, वाल्व्ह तू बसवलास, आता सेन्सरला नावं ठेवू नकोस. मग आरशातून माझ्याकडं बघितलं.

"आई, भ्यालीस व्हय?"

"न्हाय," मी म्हणाले.

एवढा एक शब्द. तो वेगळा निघाला असता तर? पुढच्या वळणानंतर ती ट्रॉली होती.

गाडीचं तोंड चेपून गेलं. आत कुणी काही उघडून बघितलं नाही. वाल्व्ह चुकीचा बसला, असं संदीप सांगत राहिला. तो खोटं बोलत नव्हता, त्याला तेच वाटत होतं. लोकांनीही तेच धरलं. दिवसकार्य झाल्यावर दत्तूची बायको मंगल घरी आली. तिनं माझे पाय धरले.

"आक्का, माझ्या माणसाच्या हातनं चूक झाली. तुमी मरता मरता वाचलासा. पोटात घाला."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. असू दे म्हणाले. होय, असंच म्हणाले.

ती मागच्याच आळीत राहते. दाराची कडी वाजली की मी आतल्या खोलीत जाते, सुनेला पुढं पाठवते. मंगलला कळेल, ही भीती आहेच. त्याहून मोठी भीती ही, की ती काही न कळता येईल आणि परत माझे पाय धरेल.

गाडीत आम्ही तिघं होतो. दत्तू जागेवर गेला. संदीप आणि मी वाचलो.