ओमानकडं गेलेलं वादळ

माझ्या डाळिंबाच्या बागेला लागूनच चुलतभावाची वीटभट्टी आहे. उजनी धरणाचा गाळ भिगवणच्या या बाजूला सहज मिळतो, म्हणून त्यानं ती तिथं लावली. गेल्या वर्षी ऐन फुलोऱ्यात भट्टी पेटली आणि काजळी बसून माझी फुलं गळाली. मी तक्रार घेऊन गेलो, तर तो सगळ्या मजुरांदेखत हसला.

"धूर काय माझं ऐकतो व्हय, तात्या? तू हवामानवाला. वाऱ्यालाच सांग की, तिकडं जा म्हणून."

मोबाईलवर हवामान खात्याचे अंदाज वाचायचे आणि कुणी विचारलं तर सांगायचे, हा माझा जुना नाद. त्या दिवसापासून मात्र मी अरबी समुद्राकडं भुकेल्यासारखा बघू लागलो. कुठं कमी दाबाचं क्षेत्र होतंय का, ते वादळ बनेल का, इकडं येईल का. एका जोरदार पावसात कच्च्या विटांचा चिखल होतो. मला तो चिखल बघायचा होता.

मे महिन्यात तसा अंदाज आला. वादळ तयार झालंच तर ते बहुधा ओमानकडं वळेल, पण त्याच्या ओढीनं आपल्याकडंही जोराच्या सरी पडू शकतात, असं त्यात होतं. भट्टीसमोर कच्च्या विटांच्या रांगा वाळत होत्या. चुलतभाऊ बांधावर आला.

"काय हवामानवाले, समुद्र काय म्हनतोय? ताडपत्र्या टाकू का?"

"वादळ झालंच तर ओमानला जाईल म्हणतात," मी म्हणालो.

"मग ऱ्हाऊ दे."

खोटं काहीच बोललो नव्हतो. अर्धा अंदाज तेवढा गिळला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस कोसळला. मी ओट्यावर बसून तो ऐकत राहिलो. इतकं सुख मला कितीतरी दिवसांत मिळालं नव्हतं. उघडल्यावर मुद्दाम बघायला गेलो. रांगा बसून गेल्या होत्या आणि चुलतभाऊ निवांत चहा पीत होता.

"माती कुठं पळाली का, तात्या? हितंच हाय. पुन्यांदा थापतील."

थापणारी बाई फावड्यानं चिखल ओढत होती. नवऱ्याबरोबर परभणीकडून आलेली. मजुरी वाळलेल्या विटेची मिळते, विरघळलेल्या विटेची नाही. तिनं मान वर केली.

"दादा, तुमाला तर पावसाचं कळतं म्हनत्यात. आमाला का न्हाई सांगितलं?"

मी मागं फिरून घरी आलो. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

राग तसाच आहे. यंदाही फुलं काळी पडली, यंदाही मी समुद्राकडं डोळे लावून असतो. पण तिथं काही हललं की आधी त्या बाईला जाऊन सांगतो. नवराबायको ताडपत्र्या ओढतात, विटा कोरड्या राहतात आणि पाऊस थांबल्यावर चुलतभाऊ बांधावरून हात उंचावून ओरडतो, "लई उपकार झाले, तात्या!"

मी दात आवळून मान हलवतो.