विहीर इथं नव्हतीच

असले अनुभव मी आवडीने वाचते, पण विश्वास... शून्य. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलंय. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय.

आम्ही नगरच्या सावेडीत राहतो. माहेर माझं पाथर्डीकडचं, इकडे आले ती लग्नानंतर. निवृत्त झाल्यावर मी आणि शेजारच्या नानांनी जुन्या सावेडीचा इतिहास जमवणारं छोटं मंडळ सुरू केलं. जुने फोटो, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी आणि रविवारी सकाळी लोकांना घेऊन फेरी. फेरी मीच घ्यायचे. लोक मन लावून ऐकायचे...

मग केतकी आली. पुण्याहून आलेली, तिशीतली, हुशार. मोबाईलवर जुने नकाशे, आणि बोलणं असं की लोक खिळून राहायचे. बघता बघता फेरी तिच्याकडे गेली.

"सुनंदाताई, तुम्ही मागून या, कुणी रेंगाळायला नको," नाना म्हणाले. म्हणजे मी गुराखी! नुसता जळफळाट झाला.

त्या रविवारी गावच्या जुन्या विहिरीच्या जागी फलक लागणार होता. विहीर कधीच बुजलेली. जागा केतकीने नकाशावरून काढलेली — बागेच्या कोपऱ्यात. सगळे तिच्याभोवती, मी मागे. ऊन चांगलंच वर आलं होतं. तेवढ्यात शेजारून आवाज आला —

"चुकतीया ती."

बघते तर नऊवारीतली एक म्हातारी.

"हिर हितं न्हवतीच. तकडं हुती, लिंबाखाली." तिने हात केला तो समोरच्या अपार्टमेंटच्या पार्किंगकडे. तिथे कडुलिंब वगैरे काही नाही. "उतराया पायऱ्या. पयल्या पायरीवर दोन पावलं कोरल्याली."

"तुम्ही पाहिलीये?"

"मी न्हाई तर कुनी? समद्यांला मीच सांगायची. आता बग, समदे तिच्या मागं. माझ्याकडं कुनी वळून तरी बगतंय का?"

अगदी माझ्या मनातलं बोलली हो! मी तरातरा पुढे गेले.

"नाना, थांबा! जागा चुकलीये. या आजी म्हणतायत..."

मागे वळले. रस्ता मोकळा.

"कोण आजी?" नानांनी विचारलं.

केतकी हळूच म्हणाली, "काकू, मघापासून तुम्ही एकट्याच बोलत होतात. मला वाटलं, फोनवर आहात."

कुणीतरी हसलं. फलक लागला. टाळ्या केतकीला.

पुढे उन्हाळ्यात त्या अपार्टमेंटवाल्यांनी पाण्याच्या टाकीसाठी पार्किंगमध्ये खड्डा घेतला... आणि दगडी पायऱ्या लागल्या. नानांचा फोन आला तशी मी धावतच गेले. केतकी आधीच खाली उतरून वरच्या पायरीवरची माती हाताने पुसत होती. दोन पावलं निघाली. लहानशी, बाईची असावीत अशी.

नानांनी स्वतः फलक तिकडून काढून इकडे लावला. फेरीही परत माझ्याकडे आली.

मी जुन्या घरांतून खूप विचारलं. अशी म्हातारी कुणालाच माहीत नाही, पावलांचंही कुणी ऐकलेलं नाही. माझा मुलगा म्हणतो, "आई, कुठंतरी ऐकून विसरली असशील." पण एवढी माहिती हाताशी असती तर केतकीसमोर मी गप्प बसले असते का?

एकदा केतकी घरी आली. खोदून खोदून विचारत राहिली — कशी दिसत होती, लुगडं कसलं होतं, काय काय बोलली. मग एकदम म्हणाली, "काकू, एवढं सगळं मी शोधलं. मग तुम्हालाच का दिसली? मला का नाही?"

मलाच ठाऊक नाही. म्हातारी पुन्हा आली नाही.

केतकी मात्र आता रविवारी फेरीत सगळ्यांच्या मागे, मुद्दाम एकटी चालते. आणि मी पुढे बोलता बोलता सारखी वळून बघते — तिच्या शेजारी कुणी चालत तर नाही ना.