पाच लिटरचा कॅन

नववीच्या वर्गात मी दरवर्षी तेच दोन वाडगे मांडते. एकात पाण्यावर तरंगणारा बर्फ, दुसऱ्यात पाण्यातल्या दगडावर ठेवलेला. पहिला वितळला तरी पाणी जिथल्या तिथं. दुसरा वितळला की पाणी खुणेच्या वर चढतं. ध्रुवांकडच्या जमिनीवरचा बर्फ वितळला की समुद्र वाढतो तो असा. बर्फ औरंगपुऱ्यातल्या रसवंतीवरून आणायचा, हर्सूलच्या शाळेत पोचेपर्यंत निम्मा पिशवीतच संपतो. ‘मॅडम, समुद्र इथपर्यंत येऊ द्या की, पाणी तरी रोज दिसेल,’ असं कुणीतरी म्हणतंच. पूर्वी मी हसायची. आता हसायचाही कंटाळा येतो.

माझी धाकटी बहीण कोकणात दिलीय, खाडीकाठच्या गावात. आई गेल्यापासून माझं घर हेच तिचं माहेर. दर मे महिन्यात यायची ती पाच लिटरचा कॅन मांडीवर घेऊन, तिच्या विहिरीच्या पाण्यानं भरलेला. एसटीत लोक बघायचे, हिला काय त्याचं! आमच्याकडं नळ आठ-आठ दिवस येत नाही, सगळा कारभार ड्रमवर. ‘ताई, तुझ्या ड्रमातलं पाणी तुलाच लखलाभ. चव आहे का त्याला?’ म्हणायची आणि स्वतः चहा टाकायची. मला राग यायचा, पण चहा लई फक्कड व्हायचा.

गेल्या हिवाळ्यात तिचा फोन आला. रोज चहा फाटतोय म्हणे. मी ठणकावून सांगितलं, ‘दूधवाला बदल.’ तिनं दोन बदलले. तिसरा म्हातारा होता. त्यानं विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं आणि थुंकला. म्हणाला, ‘वहिनी, दूध चांगलं आहे. विहीर खारट झाली.’

इतकी वर्षं भूगोल शिकवते मी, आणि सुचलं काय, तर दूधवाला! फार लाज वाटली. विहिरींचा उपसा वाढलाय, भरती आत घुसते, तिकडं लांब बर्फ वितळतोय. कशाचा किती वाटा, मला नाही सांगता येत.

‘परत गोड होईल का गं? तू शिकवतेस ना,’ तिनं विचारलं.

‘पावसाळ्यात होईल कदाचित,’ मी म्हणाले. धड खरं नाही, धड खोटं नाही.

यंदाही ती मे महिन्यात आली. कॅन मांडीवरच होता, रिकामा. चार दिवस माझ्याच ड्रममधल्या पाण्याचा चहा प्यायलो. निघायच्या सकाळी तिनं कॅन ड्रमपाशी आणून ठेवला.

‘ताई, एवढा भरून देतेस? सासूबाईंना दोन दिवस तरी धड चहा मिळेल.’

नळ येऊन सहा दिवस झाले होते. ड्रम तिरका करून मी कॅन काठोकाठ भरला. झाकण घट्ट लावून तिनं तो उचलला.