चाकाखालचा वरवंटा

स्वयंपाकघरातून वरवंटा नाहीसा झाला आणि माझा संशय सरळ कामवाल्या बाईवर गेला. मिक्सर नेला असता तर समजलं असतं, दगडाचा वरवंटा नेऊन कोण काय करणार? पण संशयाला कुठे शेंडाबुडखा असतो! तिच्यासमोरच मी नवऱ्याला मराठीत म्हटलं, "हिची पिशवी बघायला हवी." या तमिळ मुलखात मराठी फक्त आमच्या घरात; ती तमिळ बोलणारी, तिला काय कळतंय! नवरा पेपरात डोकं घालून नुसता "हूं" म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून घरी जाताना ती आपणहून पिशवी उलटी करून दाखवू लागली. मला वाटलं, बघा, चोराच्या मनात चांदणं.

मग एका दुपारी केळीची पानं आणायला मी नवऱ्याच्या पिकअपपाशी गेले. जुनी, दणकट गाडी, केळीचे घड वाहून वाहून थकलेली. कावेरीच्या बांधावरून रस्ता आमच्या गल्लीत उतरतो त्या उतारावर ती उभी असते. मागच्या चाकाखाली माझा वरवंटा!

"अहो, हे काय?"

"अगं, हँडब्रेक धरत नाही. वीट लावली तर तिचा भुगा होतो."

"आणि मी त्या बाईला चोर ठरवत होते, तेव्हा तोंडात मिठाची गुळणी?"

"सांगितलं असतं तर माझं डोकं खाल्लं असतंस. नुसता हँडब्रेक गेलाय, देवाशपथ!"

शपथ ऐकली आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशी याच पिकअपमधून भजनमंडळी मरुदानल्लूर गावाला जायची होती, त्यात माझी आई आणि धाकटी लेक. मी तडक गाडीत चढले आणि ब्रेक दाबला. पेडल पायाला कडक लागायला हवं, एवढं मलाही कळतं. ते लोण्यात पाय घातल्यासारखं थेट खाली जाऊन टेकलं.

"दोन-तीनदा दाबलं की लागतो," नवरा म्हणाला.

"आणि समोर बस आली तर तिला सांगणार का, थांब बाई, मला आणखी दोनदा दाबू दे?"

"मंडळींना शब्द दिलाय. उद्याची फेरी होऊ दे, मग गॅरेजला टाकतो."

मी भांडायची थांबले, तेव्हाच खरं तर त्याला संशय यायला हवा होता.

सकाळी मंडळी पेटी-मृदंग घेऊन दारात जमली. आई वेणी माळून तयार. नवरा खिसे चाचपत घरभर फिरला, फळीवर बघितलं, गादीखाली बघितलं.

"गाडीची चावी कुठे गेली? सकाळपासून घरात कोण कोण आलं होतं?"

आणि त्याची नजर दारात कोलमची रांगोळी काढणाऱ्या कामवाल्या बाईवर जाऊन थांबली. तिने हातातलं पीठ खाली ठेवलं आणि मुकाट्याने पिशवी उचलून उलटी केली. शरमेने माझे कान तापले.

मी कमरेला खोचलेली चावी काढून सगळ्यांसमोर धरली.

"तिच्याकडे बघू नका. चोर मी आहे. का चोरली ते आता तुम्ही या सगळ्यांना सांगा. वरवंट्यापासून सुरुवात करा. आणि तमिळमध्ये सांगा."